नसलेलं टेकाड

१

लख्ख ऊन पडलेलं असताना अंधार करून दाखवणं फक्त वीजखात्यालाच जमतं. त्या दिवशी दुपारी बारा वाजून एकतीस मिनिटांनी निम्म्या मुलखातले पंखे थांबले, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकल्या आणि सिग्नल बंद पडल्यामुळे चौकाचौकांत माणसांचे खरे स्वभाव बाहेर आले. आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता. माळावर मैलोन्‌मैल मांडलेली सौरपॅनेलं ऊन पीत होती आणि कुणालाही काही देत नव्हती.

तीन मिनिटांनी माळाच्या कडेच्या उपकेंद्राचा पहारेकरी, ज्याला सगळे फौजी म्हणत, "मामा, पंखा गेला हो" असं सांगायला कंट्रोल पॅनेलच्या खोलीत शिरला. मामा म्हणजे तिथले ऑपरेटर. ते पॅनेलसमोर फरशीवर पालथे पडले होते, उजवा हात डोक्याच्या पुढे लांबवलेला. फौजीने नाडी पाहिली. हे काम त्याने आयुष्यात बऱ्याचदा केलेलं असल्यामुळे दुसऱ्यांदा पाहावी लागली नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. कधी, ते मिनिटांत सांगता येणार नाही. खात्याला नेमकं मिनिटांतच हवं होतं. वीज गेली म्हणून माणूस गेला, की माणूस गेला म्हणून वीज गेली?

मुख्य कार्यालयाने उत्तर संध्याकाळीच टाईप करून ठेवलं: ऑपरेटरच्या हातून चूक झाली, वीज गेली, त्या धक्क्याने तो दगावला. मेलेल्या माणसाच्या चुकीचा एक मोठा फायदा असतो, खुलासा मागवावा लागत नाही. आता खाली सही करायला फक्त एक तज्ज्ञ हवा होता.

तज्ज्ञ म्हणजे आलेखबुवा. व्होल्टेजचे चढउतार दाखवणाऱ्या रेघा वाचण्यात त्यांची हयात गेली होती. माणसांच्या चेहऱ्यावरच्या रेघांमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही, असं त्यांची बायको म्हणायची, आणि ती मोजून बोलणारी बाई होती. उपकेंद्राचं नाव ऐकून बुवा खूशच झाले. ते त्यांचं लाडकं उपकेंद्र. तिथल्या दुपारच्या व्होल्टेजची रेघ तीन वर्षं त्यांच्या प्रशिक्षणाच्या तासाला पडद्यावर झळकत होती. "बघा," ते म्हणायचे, "स्वयंचलित यंत्रणा कशी असावी! ताणलेल्या दोरीसारखी सपाट."

मग त्यांनी मृताची माहिती वाचली आणि चष्मा काढून पुसला. मामा म्हणजे लंब्या. डिप्लोमाच्या वसतिगृहात तीन वर्षं ज्याच्याबरोबर एक खोली आणि एक कपाट वाटून घेतलं, तो लंब्या. त्याला शेवटचा फोन कधी केला होता, ते बुवांना आठवेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते उपकेंद्राच्या फाटकाशी उतरले, तेव्हा नर्सच्या गणवेशातली एक बाई उन्हात उभी होती.

"तपासाला तुम्हीच ना? मी त्यांची मुलगी. तुम्ही बाबांचे हॉस्टेलवाले मित्र. फोटोत पाहिलंय तुम्हाला, तेव्हा केस होते."

बुवांनी डोक्यावरून हात फिरवला.

"लोक म्हणतायत, बाबांनी भलतंच बटण दाबलं. वॉर्डात माझ्यासमोर म्हणतायत. नवजात बाळांचा वॉर्ड आहे माझा, काका. त्या दुपारी चाळीस मिनिटं मी एका बाळाला पिशवी दाबून हाताने श्वास देत होते. खिशात फोन वाजत होता, फौजीकाका बाबांचं सांगायला लावत होते. उचलता येत नव्हता." ती थांबली. "अहवाल शुक्रवारी जाणार म्हणे. मला एकच सांगा. आधी बाबा गेले, की लाईट?"

२

मंडलाचे साहेब खोलीत आधीच हजर होते. ते नेहमीच आधी हजर असायचे, त्यामुळेच साहेब झाले होते.

"या, बुवा. फार वाईट झालं. माणूस चांगला होता, हे अहवालात घालू या आपण. शेवटच्या परिच्छेदात."

"आधी झालं काय ते घालू या."

झालं काय, हे दोघांनाही माहीत होतं. जुनं कोळशाचं वीजकेंद्र होतं, तेव्हा त्याची अवजड चाकं फिरता फिरता सबंध भागाचं व्होल्टेज धरून ठेवायची. तीन वर्षांपूर्वी ते बंद झालं आणि माळ सौरप्रकल्पांनी भरला. चांगलंच झालं, हवा सुधारली. पण ऊन चढलं की व्होल्टेजही चढायला लागलं. व्होल्टेज उतरलं तर लोक फोन करून शिव्या देतात. चढलं तर कुणाला पत्ताही लागत नाही, आणि तेच जास्त घातक. उपकेंद्राच्या आवारात कपॅसिटरची एक रांग होती. सकाळ-संध्याकाळ कारखाने वीज ओढतात तेव्हा ती व्होल्टेज उचलून धरते. भर दुपारी मात्र तिला बाजूला काढावंच लागतं. नाही काढलं, तर चढत्या व्होल्टेजला ती आणखी खांदा देते. मग एका मर्यादेनंतर सौरप्रकल्प स्वतःचा जीव वाचवायला एका क्षणात सगळे मिळून हात काढून घेतात. परवा तेच झालं होतं.

"कपॅसिटर काढायचं काम स्वयंचलित आहे," साहेब म्हणाले. "हे बघा."

पॅनेलवर मुठीएवढा खटका होता, बाण असलेला. एका बाजूला लिहिलं होतं 'हात', दुसऱ्या बाजूला 'आपोआप'. बाण 'आपोआप'वर होता.

"यंत्रणा आपली चालली होती. तुमच्या मित्राने मध्येच काहीतरी ढवळाढवळ केली असणार. रजिस्टर असतं तर कळलं असतं."

"असतं तर?"

"परवाचं सापडत नाही. धावपळीत गेलं कुठेतरी. जुनी म्हणाल तर वाळवीने खाल्ली."

"किती जुनी?"

"तीनेक वर्षांची."

"आणि त्याच्या आधीची?"

"ती आहेत."

"वाळवी अगदी ताजं तेवढंच खाणारी दिसते," बुवा म्हणाले.

साहेबांना एकाएकी फोन आला आणि ते बाहेर गेले. बुवा पॅनेलपाशी वाकले. कपॅसिटर काढण्या-घालण्याची मूठ झिजून तिचा काळा रंग उडाला होता, आत पिवळं पितळ चमकत होतं. शेजारच्या मुठींवरचं कारखान्याचं तेल अजून बोटाला लागत होतं. मग त्यांनी खटक्याची पाटी पाहिली. समोरच्या खिडकीतून रोज दुपारी ऊन येत असणार, पाटीचा निळा रंग पार विटला होता. फक्त 'हात' या शब्दाच्या बाजूला रंग अजून गर्द होता, आणि त्या गर्द डागाचा आकार हुबेहूब बाणासारखा होता.

म्हणजे तीन वर्षं बाण तिथे होता. तो कुणीतरी परवाच फिरवला होता.

३

"साहेब एक वीसला आले," फौजी म्हणाला. फाटकाजवळच्या खोलीत त्याने बुवांना चहा दिला, स्वतः उभाच राहिला. "मला म्हणाले, ॲम्ब्युलन्स का येत नाही ते रस्त्यावर जाऊन बघ. दहा मिनिटं एकटे होते आत. निघताना काखेत रजिस्टरं. मी सलाम केला. रजिस्टरांना सलाम करतोय असं वाटलं मला."

"मामांचा दिवस कसा असायचा?"

"घड्याळ होते ते माझं. बाराच्या ठोक्याला बाहेर यायचे, कपाळावर हात धरून आकाश बघायचे. असं वळून, तसं वळून. मी म्हणायचो, मामा, कुणाची वाट बघताय? म्हणायचे, 'ढगाची रे. आज सुट्टी देतो का बघतो.' मग आत. आणि थोड्या वेळाने आवारातून धाडकन आवाज यायचा, कपॅसिटरच्या ब्रेकरचा. तो झाला की मी डबा उघडायचो."

"रोज?"

"रोज. इथेच क्वार्टरमध्ये राहायचे, रविवार नाही की काही नाही. एकदा अंगात ताप होता एकशे तीन. मी धरून आणलं. मूठ फिरवली आणि परत जाऊन झोपले."

"परवा?"

फौजीने खिडकीतून बाहेर पाहिलं.

"परवा आकाश बघून वळले, आणि मोबाईल वाजला. आत मोबाईल चालत नाही, नेमही आहे आणि रेंजही नाही. म्हणून इथे फाटकाशी उभे राहून बोलले. बोलले म्हणजे काय, ऐकतच होते. फोन कानाला आणि नजर वर आकाशाकडे. मी घड्याळ दाखवलं. त्यांनी हातानेच थांब म्हटलं. फोन संपला आणि..."

"आणि?"

"धावले, साहेब. इथून दारापर्यंत दोनशे पावलं. इतक्या वर्षांत मामांना धावताना कधी पाहिलं नव्हतं मी. दाराशी एकदा चौकट धरली, मग आत गेले. मी डबा घेऊन बसलो आवाजाची वाट बघत." फौजीने वरच्या पंख्याकडे पाहिलं. "आवाज आलाच नाही. मग पंखा थांबला."

बुवांनी चहा तसाच ठेवला. जे काम आपोआप होतं, त्याच्याकडे कुणी धावत जात नाही.

४

मुख्य नियंत्रण कक्षात भिंतभर पडदे असतात आणि त्यांच्यासमोर बसणाऱ्याला खिडकी नसते. सबंध मुलखाचं ऊन-पाऊस तिथे आकड्यांत पडतं. परवाच्या पाळीला जी बाई होती, तिला सगळे कंट्रोलताई म्हणत. तीन रात्री झोपलेली दिसत नव्हती.

"फोनची नोंद आहे," ती म्हणाली. "बारा सोळा, बारा एकोणीस, बारा चोवीस. पॅनेलवरच्या फोनवर तिन्ही वेळा नुसती रिंग वाजत राहिली."

"म्हणजे बारा सोळाला तो गेलेला होता. वीज एकतीसला गेली." बुवांनी आकडे वहीत लिहिले. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं: आधी बाबा. हे उत्तर तिला कसं पोचेल, याचा विचार त्यांनी पुढे ढकलला. "पण ताई, यंत्रणा आपोआप चालते तर तुम्ही ऑपरेटरला फोन कशाला लावत होतात?"

तिने दाराकडे पाहिलं.

"मी साहेबांचा माणूस नाही."

"मी नोकरीतली आहे, सर."

"तो माझ्या खोलीत राहायचा. माझे मोजे वापरायचा."

कंट्रोलताईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आपोआप यंत्रणा बसवली त्या दिवसापासून चालली नाही. एकदाही. ठेकेदार म्हणाला, पंधरा दिवसांत भाग येतोय. साहेब मामांना म्हणाले, पंधरा दिवस हाताने करा, कागदावर आपोआपच दाखवू, बाहेर बोलू नका. ठेकेदार गेला तो गेलाच. इथून मलाही कपॅसिटर काढता येत नाही, कारण ती तार त्याच यंत्रणेतून जाते, म्हणजे कुठेच जात नाही. केंद्र स्वयंचलित झालं म्हणून बाकीची माणसं कमी केली. आणि ते स्वयंचलित नव्हतं, म्हणून उरलेल्या एका माणसाला सुट्टी नव्हती."

"परवा तुम्ही सौरप्रकल्पांना उत्पादन कमी करायला सांगायचं होतं."

"सांगितलं. बारा पंचवीसला. उशीर केला मी. सर, मी मामांची वाट बघत बसले. तीन वर्षांत ते एकदाही चुकले नव्हते हो. व्होल्टेज चढताना बघत होते आणि मनात म्हणत होते, आता काढतील, आता काढतील." तिने डोळे टिपले. "पण तुम्ही मला हे का विचारताय?"

"म्हणजे?"

"तुम्हाला माहीतच असणार ना. तुम्ही दरवर्षी आम्हाला मामांचाच आलेख पडद्यावर दाखवता. 'स्वयंचलित' म्हणता तेव्हा मागच्या बाकांवर आम्ही सगळे हसतो." ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा बदलत गेला. "आम्हाला वाटायचं, सर थट्टा करतायत. सर... तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

५

बुवांनी तीन वर्षांचे आलेख काढले आणि स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या कौतुकाची रेघ पहिल्यांदा नीट वाचली.

आपोआप चालणारं यंत्र आंधळं असतं. व्होल्टेज मर्यादेला टेकेपर्यंत ते थांबतं, टेकलं की खात्री करायला आणखी अर्धं मिनिट थांबतं, आणि मग कपॅसिटर काढतं. त्यामुळे त्याच्या रेघेवर रोज एक छोटं टेकाड उठतं: चढण, माथा, उतार. यंत्र कितीही चांगलं असो, टेकाड उठतंच. लंब्याच्या रेघेवर ते कधीच नव्हतं. व्होल्टेज चढायला लागायच्या आधीच कुणीतरी कपॅसिटर काढत होतं. निरभ्र दिवशी बारा सहाला, विरळ ढग असतील तर बारा अठराला. एका दिवशी बारा नऊला काढून सव्वाबाराला परत घातलं होतं. ढग आला असणार. यंत्र आकडा बघतं. हा माणूस आकाश बघत होता.

नसलेलं टेकाड ओळखायला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी पुरला असता. बुवांनी तीन वर्षं त्याला 'उत्तम जुळणी' म्हटलं होतं.

त्यांनी यंत्रणेच्या चाचणीची फाईल उघडली. शेवटच्या पानावर मंजुरी होती: 'सोबतच्या आलेखावरून यंत्रणा समाधानकारक चालत असल्याचे दिसते.' सोबतचा आलेख त्याच पहिल्या पंधरा दिवसांचा होता. म्हणजे हाताचा. खाली सही होती, वळणदार, घाई नसलेली. ती त्यांचीच होती. उपकेंद्र दीड तासाच्या रस्त्यावर होतं, आणि बुवा गेले नव्हते. गेले असते तर लंब्याने चहा पाजून दोन वाक्यांत सांगितलं असतं.

मग त्यांनी हजेरीपट पाहिला. तीन वर्षांत लंब्याची एकच रजा होती, एका दिवसाची. त्या दिवशीच्या रेघेवरही टेकाड नव्हतं. त्यांनी मुलीला फोन लावला.

"एक विचारू? दीड वर्षापूर्वी, अठरा तारखेला, तुझे बाबा कुठे होते?"

"माझ्या लग्नात," ती म्हणाली. "म्हणजे असायला हवे होते. सकाळी रजिस्ट्रारकडे सह्या झाल्या, मग शेजारच्या हॉलमध्ये जेवण. फोटो काढायला उभे राहिलो तर वधूचा बाप गायब! तासाभराने आले, शर्ट घामाने भिजलेला. कुठे होता विचारलं तर म्हणाले, जरा काम होतं. सासूबाई अजून म्हणतात, तुझ्या वडिलांना त्या दिवशी महत्त्वाचं काम निघालं होतं. आई गेल्यावर मला ते एकटेच होते, काका. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी धड बोलले नाही."

"हॉलपासून उपकेंद्र किती लांब?"

"गाडीने वीस-पंचवीस मिनिटं. का?"

बुवांनी तिला सांगितलं. मूठ, पाटी, पंधरा दिवसांची तीन वर्षं, बाहेर न बोलण्याचा हुकूम. आणि तिच्या लग्नाच्या दिवशी बारा वाजून आठ मिनिटांनी कुणीतरी कपॅसिटर काढल्याची रेघेवरची पायरी.



"वीज गेली असती तर हॉलमधलं जेवणही अंधारात झालं असतं," ती म्हणाली. "काका, परवा बारा चारला त्यांना फोन आला होता ना? फौजीकाकांनी सांगितलं असेल."

"हो."

"तो मी केला होता."

६

साहेबांच्या केबिनमध्ये बुवांनी सगळं एका दमात मांडलं. विटलेल्या पाटीवरचा बाणाचा गर्द डाग, झिजलेली मूठ, न उचललेले तीन फोन, ताजं तेवढंच खाणारी वाळवी, आणि अकराशे दुपारी न उठलेलं टेकाड.

"रजिस्टरं तुम्ही नेलीत, कारण त्यात तो रोजची वेळ लिहीत असणार. खटका तुम्ही फिरवलात. पण साहेब, खटका 'आपोआप'वर असता आणि यंत्रणा चालत असती, तर परवा कपॅसिटर निघाला असता. तो निघाला नाही. कागद काखेत मारून नेता येतात. रेघ नेता येत नाही, ती सतरा ठिकाणी नोंदलेली असते."

साहेब चिडले नाहीत. थकल्यासारखे खुर्चीत मागे रेलले.

"डिकीत आहेत," ते म्हणाले.

"काय?"

"रजिस्टरं. गाडीच्या डिकीत. जाळायची होती, जमलं नाही. अक्षर फार चांगलं होतं हो त्याचं." त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. "मी काही राक्षस नाही, बुवा. पाच पत्रं लिहिली मी वर. भाग मागितला, माणूस मागितला. उत्तर आलं, आलेख उत्कृष्ट आहे, गरज दिसत नाही. तुमच्याच विभागाचं उत्तर. मग मीही म्हटलं, चाललंय ना? चालू द्या. मंजुरीवर सही कुणाची, ते घालणार आहात अहवालात?"

"पहिल्या परिच्छेदात. नावासकट, हुद्द्यासकट."

साहेबांनी मान हलवली. या उत्तराची त्यांना अपेक्षा नसावी. मग ते पुढे वाकले.

"मग हेही ऐका, तुमच्या मित्रासाठी म्हणून सांगतो. फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण चौकशी समितीकडे गेलंय. बारा चार ते बारा तेरा, नऊ मिनिटं, ऑपरेटर जागा सोडून फाटकाशी मोबाईलवर. समिती म्हणेल, ठीक, यंत्रणा नव्हती. पण माणूस होता ना? निरभ्र दिवस, बारा सहाला काढायचं, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मग तो तिथे का नव्हता? ती नऊ मिनिटं तुम्ही मोकळी ठेवलीत, तर समिती बाकीचं काहीएक वाचणार नाही. माझं काय व्हायचं ते होवो. खापर त्याच्याच डोक्यावर फुटणार."

७

शुक्रवारी दुपारी नवजात वॉर्डाबाहेरच्या बाकावर बुवा अहवाल घेऊन बसले होते. पाचपर्यंत तो पोचवायचा होता. मुलगी हात पुसत बाहेर आली आणि शेजारी बसली. आत कुठलंसं यंत्र ठरावीक लयीत टुकटुकत होतं.

तिने अहवाल पहिल्या ओळीपासून वाचला. बुवांच्या सहीच्या परिच्छेदाशी थांबली, त्यांच्याकडे पाहिलं आणि पान उलटलं. तिसऱ्या पानावर तिचं बोट अडलं.

"'बारा चार ते बारा तेरा, कर्मचारी वैयक्तिक कारणासाठी फाटकाशी होता.' वैयक्तिक म्हणजे लोक काय समजतील?"

"काही समजणार नाहीत."

"काहीही समजतील, काका. बाई, नाहीतर दारू. माझ्या लग्नाच्या वेळी मीही तेच समजले होते."

"तुझं नाव सरकारी कागदावर जाईल. उद्या पेपरवाले दारात येतील. म्हणतील, हिच्या फोनमुळे—"

"माझ्या फोनमुळेच ना?"

बुवांनी उत्तर तयार करून आणलं होतं. रात्रभर घोटलं होतं. "तसं म्हणता येणार नाही. त्या दिवशी व्होल्टेज जरा उशिरा चढलं. फोन नसता तरी त्याने साधारण बारा वीसच्या सुमारालाच कपॅसिटर काढला असता—"

तिने शेवटचं पान उलटून परवाची रेघ समोर धरली. दिवसभर बाळांच्या छातीच्या रेघा वाचणारी बाई ती. बोटाने बारापासून पुढे सरकत गेली आणि बारा सहावर थांबली.

"इथून चढायला लागलंय," ती म्हणाली. "इथेच काढलं असतं त्यांनी. चालत गेले असते. धावले नसते."

बुवांना खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. तेच उत्तर होतं.

ती रडली. तोंडावर हात धरून, आवाज न करता, कारण आत बाळं झोपली होती. बुवांना काय करावं कळेना. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, मग काढला, मग परत ठेवला.

थोड्या वेळाने तिने पदराच्या जागी गणवेशाची बाही वापरली. "पेन आहे?"

"समिती विचारेल, काय बोलत होता म्हणून. सांगायची सक्ती नाही तुला."

"सांगते की. रविवारी येऊ नका, हे सांगायला फोन केला होता मी. ते दर रविवारी चारनंतर खाली येऊन उभे राहायचे, मी वर बोलवायची नाही. म्हटलं, शेजारीपाजारी बघतात, येत जाऊ नका. मग एकातून एक निघत गेलं. आईच्या आजारपणात ते दुपारचे नसायचे, ते काढलं. लग्नातलं काढलं. दीड वर्षाचं सगळं काढलं मी. ते नुसते 'हं, हं' करत होते. मध्ये मी टोमणाही मारला, 'तुम्हाला आता जायचं असेल ना? तुमची वेळ झाली.'" तिने हातातलं पान सरळ केलं. "तीन वर्षं त्या माणसाने दुपारी बाराला मला 'जातो' म्हटलंय. परवा म्हणाले, 'नाही. तू बोल.'"

बुवांनी 'वैयक्तिक कारणासाठी' हे शब्द खोडले. वर बारीक अक्षरात लिहिलं: 'कर्मचारी मोबाईलवर आपल्या मुलीशी बोलत होता.' आणि कागद तिच्यापुढे धरला.

तिने वाचलं. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

"बोलत नव्हते," ती म्हणाली. "ऐकत होते. तसं लिहा."

बुवांनी ते खोडलं आणि तसं लिहिलं.